शेती, शाळा, दवाखाना स्वतःच्या जोरावर चालवणारी मुस्लिम वस्ती: सेनेगलमधलं तूबा खरंच तसं आहे का?

खाडीकाठ

सलाम, नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच इतकं मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

आमचं गाव दापोली तालुक्यात, खाडीला लागून. मोहल्ल्यात शंभर-सव्वाशे घरं असतील, त्यातल्या निम्म्या घरांना वर्षातले दहा महिने कुलूप. कोणी कुवेतला, कोणी दोहाला, कोणी जहाजावर. माझे वडील स्वतः २६ वर्षं बोटीवर होते. घरं बघाल तर टाईल्स, एसी, दोन-दोन मजले, आणि घरासमोरची भातशेती पडीक. बांध फुटला तेव्हापासून खारं पाणी आत येतं, आता तिथं तिवरं वाढलीत. तांदूळ दुकानातून आणायचा.

मागच्या रमजानमध्ये तरावीहनंतर जमातीची बैठक झाली, त्यात एक विषय निघाला तो डोक्यातून जातच नाहीये. मशिदीला जुन्या लोकांनी दिलेली थोडी जमीन आहे, भाताची पण आणि वरकस पण. बाहेर असणाऱ्यांनी पैसे घालायचे, ती जमीन परत कसायची, त्या उत्पन्नातून मदरसा आणि त्याच्या जोडीला धड शाळा चालवायची आणि एक दवाखाना काढायचा. दवाखाना का, तर गेल्या पावसाळ्यात वहिनीला रात्री कळा सुरू झाल्या, जवळच्या ठिकाणी डॉक्टर नव्हते, पुढं पाठवलं आणि बाळ रिक्षातच झालं, अडीच वाजता, मोबाईलच्या उजेडात. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, अल्लाहची मेहेरबानी. पण भावाचा तेव्हाचा चेहरा मी विसरू शकत नाही.

तर बैठकीत दोहाहून आलेल्या एका पोरानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, आफ्रिकेत सेनेगल देशात तूबा म्हणून गाव आहे, मुरीद लोकांचं, म्हणजे तिथल्या एका सूफी पंथाच्या लोकांचं, तिथं म्हणे शेती करून, मिळून मिसळून, सरकारकडं हात न पसरता सगळं उभं केलं, मशीद, शाळा, दवाखाना. सगळे भारावून गेले. मी पण. पण व्हिडिओत सगळं गोडच असतं. कोणी तिकडं गेलंय का? शेतातून शाळा खरंच चालते का? जमीन कोणाच्या नावावर असते, कष्ट कोण करतं, हिशोब कोण ठेवतं? आणि कुठं चुकलं ते पण सांगा, कारण आमचा पैसा म्हणजे वाळवंटात घाम गाळून आणलेला पैसा आहे, तो वाया गेला तर गाव परत एकत्र बसणार नाही. राजकारण नको, प्लीज.

बाओबाबखाली

वालेकुम सलाम. मी गाड्यांच्या कामासाठी पाच वर्षं डाकारला, म्हणजे सेनेगलच्या राजधानीत होतो. तूबाला दोनदा गेलोय, एकदा असाच आणि एकदा मगालला, म्हणजे त्यांचा वार्षिक मोठा दिवस, सफर महिन्याची १८ तारीख. तुझा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून जेवण बाजूला ठेवून लिहितोय.

आधी मूळ गोष्ट. शेख अहमदू बंबा, मुरीद पंथाचा मूळ पुरुष, जन्म साधारण १८५३ चा. फ्रेंचांनी सेनेगलमधली जुनी राज्यं एकेक करून मोडली त्या काळात हा माणूस वाढला. राजे गेले, सरदार गेले, गुलाम म्हणून राबणारे लोक मोकळे झाले पण जायचं कुठं हे माहीत नाही, सैनिक बेकार. अशा लोकांनी या शेखचा हात धरला. १८८७ च्या सुमारास त्यानं रानात एका जागी वस्ती केली, नाव ठेवलं तूबा, जन्नतमधल्या झाडाचं नाव. फ्रेंचांना वाटलं हा उठाव करणार. १८९५ मध्ये पकडून गॅबनच्या जंगलात नेऊन टाकला, सात वर्षं. परत आला तर पुन्हा १९०३ मध्ये मॉरिटानियाला. नंतर मरेपर्यंत, म्हणजे १९२७ पर्यंत, नजरकैदच म्हणायची. मगाल हा त्याच्या हद्दपारीचा दिवस आहे. ज्या दिवशी नेलं तो दिवस ते लोक शुक्र म्हणून साजरा करतात, हे मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कळलंच नव्हतं, मग माझ्या ड्रायव्हरनं समजावलं की त्या संकटातच शेखला सगळं मिळालं असं ते मानतात.

आता शेती. त्यांच्यात दारा म्हणून प्रकार असतो. तसा दारा म्हणजे कुराण शिकवायची शाळा समज, पण यांचा एक वेगळा दारा होता, कामाचा. पंधरा-वीस तरुण पोरं एका शेखच्या हाताखाली कोऱ्या जमिनीवर जायची, रान साफ करायची, विहीर खणायची, भुईमूग आणि बाजरी लावायची. मजुरी नाही. खायला बाजरी, अंगावर कपडा, संध्याकाळी कुराण. आठ-दहा वर्षं असं राबलं की शेख त्या पोराला स्वतःची जमीन काढून द्यायचा, लग्न लावून द्यायचा. मग तो दारा म्हणजे एक गाव व्हायचं आणि नवीन पोरं आणखी पूर्वेला पुढच्या रानात जायची. अशी शेकडो गावं वसली. गाव झाल्यावर पण एक शेत शेखचं असायचं, त्यावर बुधवारी सगळ्यांनी मिळून काम करायचं, त्याला बुधवारचं शेतच म्हणतात. त्या शेताचं पीक शेखकडं, आणि दुष्काळात, आजारपणात, लग्नाकार्यात शेख गावाला देणार. चांगला शेख असेल तर देतोच.

शेखचा एक जुना मुरीद होता इब्रा फॉल. त्यानं कष्टालाच इबादत मानलं. त्याच्या मागचे लोक बाय फॉल म्हणवतात, तुकड्यातुकड्यांचे रंगीत झगे घालतात, आणि मगालला मी बघितलं, डोक्यावर लाकडं, पातेली, खांद्यावर पाण्याचे कॅन, रात्रभर पळापळ, कोणी बसत नाही. नमाज-रोज्याच्या बाबतीत त्यांच्यातले बरेच जण सूट घेतात, त्यावरून इतर मुसलमान नाराज आहेत, तो वाद आहेच. पण त्या रात्री एका अनोळखी घरात मला बसवून जेवू घातलं, वरून कॉफी तूबा दिली, काळी मिरीसारखा तिखट वास असलेला एक रानमसाला घालून उकळलेली, घशातून खाली उतरेपर्यंत डोळ्यात पाणी. पैसे विचारले तर म्हातारी रागावली.

आता फ्रेंचांचं. ज्यांनी शेखला हद्दपार केलं त्यांनीच पुढं जुळवून घेतलं, कारण तेल आणि साबणाच्या कारखान्यांना भुईमूग पाहिजे आणि तो सगळ्यात जास्त हेच लोक पिकवायला लागले. १९३१ मध्ये जुरबेलहून तूबापर्यंत रेल्वे आली. लोकांच्या वर्गणीतून मोठी मशीद बांधायला घेतली ती १९६३ मध्ये पुरी झाली, तिचा मधला मिनार ८७ मीटर उंच, रस्त्यानं जाताना किती लांबून दिसायला लागतो. आज तूबा डाकारनंतर देशातलं दुसरं मोठं शहर आहे. गाव राहिलेलं नाही ते.

तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर मात्र असं आहे की आजचं तूबा शेतीवर चालत नाही. भुईमूग विकायचा बाहेर आणि भाव ठरणार बाहेर. सत्तरच्या दशकात पाऊस वर्षानुवर्षं गेला, तिथली जमीन सगळी रेती, तीन-चार महिने पाऊस आणि बाकी कोरडं, वरून भुईमूग सारखा घेऊन घेऊन कस गेलेला. पोरं उठली आणि डाकारच्या बाजारात गेली, मग इटली, स्पेन, न्यूयॉर्क. मेहनतीची तीच सवय, तोच एकोपा, फक्त शेताच्या जागी फूटपाथवरचा धंदा. तिथून पैसा येतो. म्हणजे भावा, ते तुमच्यासारखेच झालेत, तुम्ही त्यांच्यासारखं होऊ बघताय.

एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. तिथं दुपारी घरोघरी मासे आणि भात, एकाच परातीत सगळे. तो भात म्हणजे कणी. आणि ती कणी बरीचशी येते थायलंडहून आणि आपल्याकडून. २०२२ च्या सप्टेंबरात भारतानं कणीची निर्यात बंद केली तेव्हा आमची मेसवाली मला विचारायची, तुमच्या देशाला सांग ना, भाव वाढलाय. बाजरी पिकवणाऱ्या मुलखात.

डॉक्टर_रानवारा

मी रायगडमध्ये ग्रामीण भागात २१ वर्षं प्रॅक्टिस करते. दवाखान्याबद्दल तेवढं बोलते, बाकी शेतीचं मला कळत नाही.

वहिनीचं वाचून वाईट वाटलं. असं रिक्षातलं बाळंतपण मी पण निस्तरलंय, दोनदा.

तूबाच्या दवाखान्याची गोष्ट मी वाचली होती आणि आमच्या ग्रुपमध्ये त्यावर चर्चा पण झाली होती. स्पेनमध्ये राहणाऱ्या मुरीद लोकांनी १९९० मध्ये एक संघटना काढली, मतलबुल फौझैनी नावाची. फेरीवाले, शेतमजूर, हॉटेलात भांडी घासणारे अशी माणसं. जगभरातल्या सभासदांनी थोडे थोडे पैसे घातले आणि तूबामध्ये मोठं हॉस्पिटल उभं केलं. परदेशातल्या कष्टकऱ्यांनी आपल्या गावासाठी इतकं मोठं काम करावं, मला मनापासून कौतुक आहे. पण बांधायला वर्षानुवर्षं लागली, आणि बांधून झाल्यावर डॉक्टर, नर्स, औषधं, वीज यासाठी सरकारशी हातमिळवणी करावीच लागली. इमारत एकदा बांधायची असते, पगार दर महिन्याला द्यायचा असतो. हे वाक्य तुमच्या बैठकीत कृपया मोठ्यानं वाचा.

आणि दुसरं. तूबात पाणी फुकट मिळतं, बोअरवेलचं, ती त्यांची अभिमानाची गोष्ट आहे. पण शहर इतकं झपाट्यानं वाढलं की सांडपाण्याची सोय मागं पडली. २००५ मध्ये मगालच्या गर्दीत कॉलरा पसरला आणि यात्रेकरूंबरोबर देशभर गेला. म्हणजे हॉस्पिटलसाठी लोक भरभरून देतात, गटारासाठी कोणी देत नाही. कुठल्याच गावात देत नाही, आमच्या गावात पण नाही.

तुमच्या शंभर-सव्वाशे घरांसाठी (बंद घरं धरून) दवाखाना काढू नका. माझं स्पष्ट मत. एक चांगली नर्स ठेवा, राहायला घर द्या, ते तुमच्याकडं रिकामी आहेतच. बीपी-शुगर दर महिन्याला तपासा, कारण गल्फहून परतलेल्या माणसांमध्ये शुगर किती आहे ते मी रोज बघते. गरोदर बायकांची यादी, प्रत्येकीची तारीख भिंतीवर, आणि तारखेच्या आधी दहा दिवस तिला दापोलीत किंवा नातेवाईकांकडं हलवायची सोय. एक गाडी आणि दोन ड्रायव्हर, रात्री फोन उचलणारे. वहिनीला डॉक्टर मिळाला नाही हे खरं, पण तिला गाडी पण वेळेवर मिळाली नाही ना? शेती परत सुरू करताय तर लेप्टो (उंदरांच्या मुतानं दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) लक्षात ठेवा, भात लावणीच्या चिखलात उघड्या जखमेनं उतरू नका, आणि ताप आला की दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी दाखवा. कोकणात दर पावसाळ्यात यानं माणसं जातात.

खाडीकाठ

डॉक्टर, गाडी मिळायलाच पाऊण तास गेला. तुम्ही म्हणालात ते मला सुचलंच नव्हतं, आम्ही सगळे इमारतीच्याच मागं लागलोय, कोणाच्या वडिलांचं नाव कुठल्या खोलीला द्यायचं इथपर्यंत बोलणं गेलं होतं.

बाओबाब भाई, फार आभार. पण एक खटकतंय. दहा वर्षं फुकट राबायचं, आणि जमीन शेखच्या हातात. आमच्या आजोबांनी खोताच्या जमिनीवर काढली. १९४९ चा खोती नष्ट करण्याचा कायदा आला तेव्हा कुठं सातबाऱ्यावर नाव लागलं, ते पण भांडून. घरात अजून त्या गोष्टी सांगतात, खोताकडं वेठीला जायचं, आपलं भात शेतात पडलेलं आणि आधी त्याचं कापायचं. मग बुधवारचं शेत आणि खोताची वेठ यात फरक काय?

बाओबाबखाली

नेमकं बोललास. मी हा प्रश्न तिथं एका शिक्षकाला विचारला होता, तो स्वतः मुरीद घरातला. तो म्हणाला फरक हा की कोणी धरून नेत नाही, माणूस स्वतः जातो, आणि गेल्यावर त्याला वाटतं आपण आखिरतसाठी काहीतरी साठवलं. मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, शेखचा मुलगा शेख होतो, मुरीदाचा मुलगा मुरीद, आणि मोटार फक्त एकाकडं असते.

सगळे तसे नाहीत, ते पण खरं. दुष्काळात कोठार उघडणारे शेख होते म्हणून तर लोक टिकले. पण ते देणं शेखच्या स्वभावावर, लिखापढी काही नाही.

चुकलेलं विचारलं होतंस म्हणून खेलकोमचं सांगतो. १९९१ मध्ये सरकारनं म्बेगे नावाचं राखीव जंगल, ४५,००० हेक्टर, मुरीदांच्या तेव्हाच्या खलिफाला, म्हणजे पंथप्रमुखाला, शेतीसाठी देऊन टाकलं. हजारो मुरीद कुऱ्हाडी घेऊन गेले आणि थोड्या आठवड्यांत रान झोपवलं. कष्ट तेच, भक्ती तीच, पन्नास-साठ वर्षांपूर्वीसारखीच. पण त्या रानात फुलानी लोक गुरं चारायचे, पिढ्यान्पिढ्या. ते पण मुसलमानच. त्यांचं चराऊ रान गेलं, गुरं घेऊन निघावं लागलं. नंतर तिथं मोठमोठ्या दाऱ्यांमधून पोरं भुईमूग-बाजरी लावतात, शिकतात, राहतात, ते सगळं उभं आहे. पण फुलान्यांचं काय हे मला कोणी सांगू शकलं नाही.

आणि पोरांचं. गावातला दारा म्हणजे शेत होतं म्हणून पोरांच्या पोटाला मिळायचं. तोच दारा शहरात आला, शेत मागं राहिलं, मग पोटाला कुठून? डाकारमध्ये सिग्नलवर टोमॅटोचा रिकामा डबा घेऊन उभी असलेली सहा-सात वर्षांची पोरं मी रोज बघायचो. सगळी मुरीदांची नाहीत, सगळ्याच पंथांच्या दाऱ्यांमधली आहेत, आणि चांगले दारे पण खूप आहेत. २००५ मध्ये मुलांना भीक मागायला लावण्याविरुद्ध कायदा केला सरकारनं. पोरं तरी उभीच होती. एका पोराला मी रोज पाव द्यायचो, तो अर्धा खाऊन अर्धा डब्यात टाकायचा, न्यायला. तुमच्या मदरशात बाहेरची पोरं ठेवणार असाल तर आधी त्यांच्या ताटातला भात कुठून येणार ते पक्कं करा, शिकवणं नंतर.

जावाडायरी

मी पूर्व जावात, सुराबायाला असते, नवऱ्याच्या नोकरीमुळं नऊ वर्षं झाली. माहेर मिरजचं. तूबाबद्दल मला काही माहीत नाही पण तुमचा प्रश्न आमच्या इथं रोज दिसणाऱ्या गोष्टीचाच आहे. इथं पसांत्रेन असतात, म्हणजे राहून शिकायचे मदरसे, गावोगाव, आणि बऱ्याच जणांची स्वतःची शेती, दुकानं, दवाखाना असतो.

त्यात पोनोरोगोजवळचं गोन्तोर. तीन भावांनी १९२६ मध्ये सुरू केलं. दीन आणि दुनिया दोन्ही शिकवतात, पोरांनी आपापसात अरबी आणि इंग्रजीतच बोलायचं असा नियम, आठवड्याआठवड्याला भाषा बदलते. माझ्या शेजारणीची मुलगी त्यांच्या मुलींच्या शाखेत, मंतिंगनला होती, तिला भेटायला मी शेजारणीबरोबर गेले होते. मुख्य म्हणजे बघायचं हे की त्या भावांनी १९५८ मध्ये काय केलं. सगळी जमीन, इमारती, सगळं वक्फ करून पंधरा जणांच्या मंडळाच्या हवाली केलं आणि लिहून दिलं की आमच्या मुलाबाळांचा यावर वारसाहक्क राहणार नाही. तेव्हा ते जिवंत होते, धडधाकट होते, संस्था जोरात चालली होती! मरताना कोणीही देईल. मला तर ते वाचूनच भरून आलं होतं, कारण आमच्या मिरजेत काय आणि कुठं काय, देवस्थानाची जमीन असो की दर्ग्याची, पुजाऱ्याची आणि मुजावराची मुलं कोर्टात उभी असलेली आपण बघतोच की.

भातशेती बरीच आहे त्यांची, मंतिंगनकडं. पण मुलं काही दिवसभर चिखलात नसतात. शेतीचं उत्पन्न संस्थेला, शिवाय बेकरी, पाण्याच्या बाटल्या, छापखाना, दुकान असं सगळं शिक्षक आणि मोठे विद्यार्थी मिळून चालवतात. मुलं फी देतात, पण जो साबण ते विकत घेतात, जो पाव खातात, त्याचा नफा परत संस्थेतच फिरतो. शिक्षण संपलं की एक वर्ष सेवा द्यायची, शिकवायला किंवा जिथं पाठवतील तिथं, त्याशिवाय सर्टिफिकेट हातात देत नाहीत. एकच वर्ष. दहा नाही. त्या मुलीनं दुकानाच्या हिशोबात काढलं तिचं वर्ष. मला वही दाखवली तिनं, रोज रात्री दोन मुली एकमेकींचा गल्ला मोजतात, दोघींच्या सह्या, आणि महिन्यानं ड्युटी बदलते म्हणजे कोणी एका जागी मुरत नाही. एकोणीस वर्षांची पोर मला म्हणते काकू, रुपया चुकला तर झोप लागत नाही. (ती रुपियाच म्हणाली, ऐकायला आपलाच वाटतो.)

आणखी एक, पश्चिम जावात चिविदेय म्हणून थंड डोंगराळ भाग आहे, तिथं अल-इत्तिफाक नावाचं पसांत्रेन आहे, गरीब घरची मुलं फी न देता राहतात आणि भाजीचं शेत करतात, ती भाजी बांडुंग-जकार्ताच्या सुपरमार्केटला जाते. निवडणं, पॅकिंग, वजन सगळं पोरंच. लहान शेतकऱ्यांची भाजी पण सोबत घेतात. तुमच्या गावासाठी मला हे जास्त जवळचं वाटतं, कारण भुईमुगासारखं एकच पीक नाही, आणि गिऱ्हाईक जवळ आहे. दापोलीत टुरिस्ट किती येतात हल्ली!

क्लांगवाला

क्वालालंपूरहून. थोडक्यात लिहितो पण हे कोणीतरी लिहायला पाहिजे.

इथं पण एक स्वावलंबी वस्ती होती, अल-अर्काम. १९६८ मध्ये सुरू झाली, शहराबाहेर सुंगाई पेंचाला इथं स्वतःची घरं, शाळा, दवाखाना, हलाल मालाचे कारखाने, सॉस-नूडल्सपासून सगळं. लोक प्रामाणिक होते, मेहनती होते, सरकारी नोकऱ्या सोडून आले होते. माझ्या ऑफिसातल्या एका वयस्कर बाईंचा भाऊ त्यात होता, ती सांगते की सुरुवातीची वर्षं फार सुंदर होती. मग सगळं एका माणसाभोवती फिरायला लागलं, त्याच्याबद्दल भलतेसलते दावे सुरू झाले, विचारणाऱ्याला जागा राहिली नाही, आणि १९९४ मध्ये बंदी आली. त्याच लोकांमधून पुढं एक धंद्याचा ग्रुप उभा राहिला, त्याच्याशी संबंधित बालगृहांवर २०२४ च्या सप्टेंबरात पोलिसांनी छापे टाकले, चारशेच्या वर मुलं बाहेर काढली.

म्हणून माझं सांगणं, गावातल्या मुलांवर गावाबाहेरच्या लोकांची नजर राहू दे. झेडपीच्या शाळेतून काढू नका. तूबात पण शहराच्या हद्दीत सरकारी फ्रेंच शाळांना बराच काळ विरोध होता असं वाचलंय, बाओबाबनी सांगावं. शाळा सकाळी सरकारी आणि संध्याकाळी मदरसा, हे कोकणात चालू आहेच की वर्षानुवर्षं, ते मोडू नका.

बाओबाबखाली

हो, विरोध होता. माझा ड्रायव्हर म्हणूनच मुलांना डाकारला घेऊन आला होता, आणि मन मात्र कायम तूबात. म्हातारपणी तिथंच पुरायचं म्हणून पैसे बाजूला ठेवत होता. मला त्याच्यावर हसू कधी आलं नाही. ज्या माणसाला आपली माती इतकी हवी असते तो तिच्यासाठी काय काय करेल याला मर्यादा नाही, फक्त त्याच्या कष्टाचा मान राखणारं कोणीतरी वर पाहिजे.

खाडीकाठ

उशीर झाला उत्तराला, माफ करा. सगळं प्रिंट काढून जुम्याच्या नमाजानंतर वाचून दाखवलं. अर्धा तास लागला, कोणी उठलं नाही.

दवाखान्याची इमारत तूर्त बाजूला. गाडी घ्यायची ठरली, दोहावाल्यांनी त्याच दिवशी आकडे सांगितले. ड्रायव्हर दोन, त्यातला एक माझाच भाऊ, त्यानं स्वतःहून हात वर केला. नर्सबाईंसाठी आमच्या फुफीचं घर, ती मस्कतला असते, फोनवर लगेच हो म्हणाली, फक्त म्हणाली अंगणातल्या बकुळीला पाणी घाला. गरोदर बायकांची यादी करायची जबाबदारी बायकांनीच घेतली, सध्या पाच नावं आहेत.

जमिनीचं सगळ्यात जास्त बोलणं झालं. गोन्तोरचं १९५८ चं वाचलं तेव्हा मागं बसलेले दोघं-तिघं अस्वस्थ झाले, कारण मशिदीच्या जमिनीतल्या काही कलमांचे आंबे वर्षानुवर्षं कोण नेतं ते सगळ्यांना माहीत आहे. पण त्यातलाच एक उठून म्हणाला, यावर्षीपासून हिशोब द्या-घ्या, मी पहिला देतो. मला अपेक्षा नव्हती. हिशोब दर महिन्याला मशिदीच्या बाहेर फळ्यावर लिहायचा, दोन सह्या, आणि माणसं बदलायची, ते जावाडायरी ताईंचं जसंच्या तसं घेतलं.

आणि मग आमचे सगळ्यात जुने चाचा, ८४ वर्षांचे, ते बोलले. म्हणाले बुधवारचं शेत तुम्ही आफ्रिकेत शोधताय, आपला बांध विसरलात का. खाडीचा बांध आमच्याकडं पूर्वी दर उन्हाळ्यात सगळं गाव मिळून बांधायचं, प्रत्येक घरातून एक माणूस, मोहल्ला पण आणि वरची वाडी पण, कुणबी, भोई, सगळे. ज्याची जमीन नाही तो पण यायचा, कारण खारं पाणी आत आलं की विहिरी पण जायच्या. चिखलाचे गोळे हातोहात द्यायचे, मधे दगड, वरून पेंढा, आणि भरती यायच्या आत तोंड बुजवायचं. शेवटचा गोळा कोण टाकणार यावरून भांडणं व्हायची. मग माणसं बोटीवर गेली, गल्फला गेली, घरटी माणसाच्या बदल्यात पैसे द्यायला लागले, मग ते पण बंद, आणि १९९० च्या आसपास एका पावसाळ्यात बांध गेला तो गेला. चाचा म्हणाले आधी तो उभा करा, मदरशाचं नंतर बघू. मे महिन्यात सुट्टीवर येणाऱ्यांपैकी १४ घरांनी नावं दिलीत, वरच्या वाडीत काल आम्ही दोघं जाऊन आलो, त्यांची नऊ. तिवरं तोडायला परवानगी नाही ते माहीत आहे, म्हणून जिथं तिवरं नाहीत तेवढाच तुकडा, साधारण तीन एकर, आधी घेणार.

आता एकच अडचण, बांध झाला तरी पहिली दोन-तीन वर्षं जमीन खारीच राहणार. पूर्वीचं आमचं राता म्हणून लाल भात होतं, ते बी आता गावात कोणाकडंच नाही. कोणाला ठाऊक आहे का?

जावाडायरी

माझा मामा पेणकडं शेतकी खात्यात होता, त्याला आत्ताच फोन केला. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे तिथं जा, त्यांनी खाऱ्या जमिनीसाठी पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा भाताच्या जाती काढल्यात. जाताना शेतातली माती वेगवेगळ्या चार-पाच जागची घेऊन जा, पिशवीवर जागा लिहून, आणि पाऊस पडायच्या आधी. राताचं बी पेण-अलिबागच्या खारपाटातल्या जुन्या लोकांकडं अजून असेल असं मामा म्हणतो, विचारून उद्या कळवते.